पट्ट्यावरचा धवला

मुलुंड गावठाण, ११ जुलै

द्रौपदे,

पत्राला मायना असतो हे मला ठाऊक आहे. पण 'चिरंजीव' लिहायला तू माझ्याहून जेमतेम एका पावसाळ्यानं लहान, आणि 'तीर्थरूप' लिहावं असं तू आजवर काही केलेलं नाहीस. तेव्हा नुसतीच द्रौपदे. नणंद आहेस, तो मान मनातल्या मनात धरून घे.

फोन केला की सीतारामभावजी उचलतात आणि "ती शेतावर गेलीय" म्हणतात. जेवणवेळेलासुद्धा शेतावर! पेणला हल्ली कंदील लावून लावणी करतात का गं? भावजींना खोटं बोलता येत नाही आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र. पत्र फाडायचं तरी आधी पाकीट उघडावं लागतं, आणि एकदा उघडलंस की तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस. तुला मी ओळखते.

बातमी अशी, की समीक्षाचं लग्न ठरलं. आमची नात समीक्षा, जिच्या बारशाला तू पाळण्यात वाकून म्हणाली होतीस, "नाक वयनीचं आयलं, वाट लागली पोरीची." ती वाट लागलेली पोरगी आता पवईला मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते आणि तिथलाच श्रेयस म्हणून मुलगा तिला पसंत पडलाय. शिकलेली, नोकरदार माणसं आहेत. मुलगा वरण-भात खातो, पण समीक्षानं त्याला आमच्याकडे दोनदा जवळा खायला घातला आणि दोन्ही वेळा त्यानं पुन्हा मागितला. मी लगेच हो म्हटलं.

आता गंमत ऐक. ही मंडळी राहतात कुठे? आपल्या बिस्किटांच्या कारखान्याच्या जागी. कारखाना पाडून तिथे टॉवर झाला हे तुला ठाऊक असेल. आणि कारखान्याच्या आधी तिथे काय होतं हे ठाऊक असलेल्या बायका आता गावठाणात बोटावर मोजण्याइतक्या. आपलं खाचर होतं. त्या टॉवरला खाली तीन मजले नुसते गाड्यांसाठी, आणि त्यांच्या डोक्यावर बाग. लग्न त्या बागेत. आपल्या गल्लीत मांडव घालायचा म्हटलं तर नवऱ्या मुलाला दुचाक्यांवरून उडी मारत यावं लागेल. थोडक्यात, आपलं खाचर चौथ्या मजल्यावर गेलंय आणि तुझ्या भावाच्या नातीची हळद तिथे लागणार आहे.

पोरीची एकच अट आहे. "आजी, आपल्यात बाई लग्न लावते ना, धवले गाऊन? मला ते पाहिजे. भटजी पण ठेवू, पण आधी ते." मी तिला सांगितलं, की पूर्वी धवलारणीनं धवले गायल्याशिवाय, उखळात भात सडल्याशिवाय आपल्यात मांडव उभाच राहत नसे. तिची पणजी, म्हणजे तुझी आई आणि माझी सासू, ही या गावची धवलारीण. आईच्या मागे सगळे धवले दोघींनाच येतात. त्यातली एक मी.

मी गाणार आहे. आवाज चांगला आहे, पाठांतर पक्कं आहे. मला कुणाची गरज नाही. हळद तीन डिसेंबरला, लग्न चारला. हे आमंत्रण समजू नकोस, नुसतं कळवते आहे.

वहिनी


मुलुंड गावठाण, २७ जुलै

द्रौपदे,

मागच्या पत्रात लिहिलं होतं की मला कुणाची गरज नाही. ते तसंच आहे. फक्त एक अडचण आली आहे.

रविवारी समीक्षानं मला खुर्चीत बसवलं, समोर मोबाइल उभा केला आणि म्हणाली, "हं आजी, सुरू." मी पदर खोचला आणि आईचा मांडवाचा धवला धरला.

पिवली झयली साल गो, दारी आयला मांडव,
लेकी तुज्या पावलांशी मोत्यांचा गो सांडव…

झकास गायले असं मला वाटलं. पोरगी मात्र तोंडावर हात दाबून हसत होती. "आजी, हे लग्नाचं गाणं आहे की तुझ्या मागे कुत्रा लागलाय?" मग तिनं मोबाइलमधलं दाखवलं. द्रौपदे, आवाज माझाच, शब्द आईचे, पण धवला नुसता पळत होता. आणि माझे हात! उजव्यानं काहीतरी उचलतेय, डाव्यात रचतेय, पुढे सारतेय, पुन्हा उचलतेय. मी खुर्चीत बसून बिस्किटं भरत होते.

मग सावकाश गायचा प्रयत्न केला. हात मांड्यांखाली दाबून बसले. पहिली ओळ आली, दुसऱ्या ओळीला शब्द गायब. हात सोडले की शब्द परत, पण पट्ट्याचा वेगही परत. तेव्हापासून न्हाणीघरात, गच्चीवर, देवापुढे, सगळीकडे करून पाहिलं. तुझा महादूदादा म्हणतो, "अगं, लोकांना कुठे कळतंय, पटकन उरकलं तर जेवण लवकर मिळेल." तुझ्या भावाला जेवणापलीकडे काही दिसलंय का कधी?

हे कुठून आलं ते तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण तू ते नेहमी तुझ्या बाजूनं सांगतेस.

खाचराला कुंपण पडलं, कारखाना उभा राहिला आणि गावच्या आपण बायका एकाच दिवशी पट्ट्यावर लागलो. भट्टीतून बिस्किटं पट्ट्यावरून सरकत यायची आणि आपण ती मुठीनं उचलून डब्यात लावायची. कुणी शिकवावं लागलं नाही. भाताच्या रोपांची, आवणाची मूठ उचलून चिखलात खोवणारे हात होते ते, बिस्किटांची मूठ त्यांना काय जड? मला तो कारखाना आवडायचा, हे मी कधी लपवलं नाही. डोक्यावर पंखा, पायात चपला, कमरेत वाकायचं नाही. भोंगा झाला की काम संपलं, मग सूर्य कुठेही असो. शेतात काम कधी संपायचं गं? आणि तो वास! भट्टी उघडली की सगळ्या गावठाणात गोड वास सुटायचा आणि पोरं कालवण-भाकरी टाकून फाटकाशी येऊन उभी राहायची. तुकडा बिस्किटांची पिशवी घेऊन मी घरी आले की आईसुद्धा चहा ठेवायची.

आणि गाणं कुणी सुरू केलं? तू. आधी लावणीची गाणी म्हटली, ती संपली तेव्हा धवले काढले. तेही तूच. गाण्यानं हात चालायला लागले, हात चालतात म्हणून साहेबानं पट्टा वाढवला. मग पट्टा धावतो म्हणून आपण गाणं धावतं केलं. त्यावर तू एकदम गप्प झालीस. "आयचे धवले पट्ट्यावर नाचवाचे नाय," म्हणालीस आणि डबे धुवायच्या खात्यात निघून गेलीस. मी गात राहिले. गप्प बसून आख्खी पाळी जात नाही, हे तुला डबे धुताना कळलं असेल.

दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची आणि घरच्या माणसांना आत सोडायचे. त्या दसऱ्याला आई आली. आम्ही पट्ट्याशी उभ्या राहून तिला गाऊन दाखवलं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली आणि म्हणाली, "बिस्किटांचं लगीन लावताव का गो?" मी पोट धरून हसले. तू डब्यांमागे जाऊन रडलीस. वाक्य एकच होतं. तेव्हापासून मी 'पट्ट्यावरची गवईण' आणि तू आईच्या धवल्यांची राखणदारीण. पुढे आई गेली, कारखाना बंद झाला, तुम्ही सीतारामभावजींच्या गावी गेलात आणि आपलं बोलणं सुतकापुरतं उरलं.

मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही. पण समीक्षाच्या हळदीला धवला असा पळत गेला, तर तो आईचा राहणार नाही. या पोरीनं मागितलंय म्हणून निदान एकदा तरी तो नीट व्हायला हवा, कारण माझ्यानंतर पुन्हा कुणी गाईल असं मला दिसत नाही. तू कधी पट्ट्याबरोबर धावली नाहीस. आईचा वेग तुझ्याजवळ आहे.

आता हे आमंत्रण समज.

वहिनी


मुलुंड गावठाण, ९ ऑगस्ट

द्रौपदे,

भाऊ आला म्हणून त्याला जिताड्याचं कालवण घातलंस, गुडघ्याला लावायला तेल दिलंस, येताना पडवळं बांधून दिलीस. आणि हळदीला येणार का विचारल्यावर गवत कापायला निघून गेलीस! तो इकडे येऊन मला म्हणतो, "जिताडा फार छान होता." मी त्याला कशासाठी पाठवलं होतं ते तो पेण स्टँडवरच विसरला होता.

खोदून खोदून विचारलं तेव्हा बाकीचं बाहेर आलं. तुझ्या लेकानं, गुणाजीनं, लावणीचं यंत्र आणलंय म्हणे. तो त्यावर बसतो आणि मागे ओळीच ओळी उभ्या राहतात. कारखाना आमच्याकडून उठला आणि तुमच्या शेतात गेला म्हणायचा. पण यंत्राला कोपऱ्यात वळता येत नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं. चारी कोपरे तू हातानं लावत होतीस आणि लावता लावता गुणगुणत होतीस, असं तुझा भाऊ म्हणाला.

"काय गुणगुणत होती?"

"चाल आईचीच होती. अगदी सावकाश."

"आणि शब्द?"

"शब्द नव्हते. नुसतं हं हं."

बघ, म्हणजे माझं म्हणणं खरं निघालं. वेग तुझ्याजवळ आहेच! पण शब्द गिळून का टाकतेस? भावासमोरसुद्धा माझ्यावरचा राग? तो म्हणतो, "राग नव्हता गं तो. आपण चष्मा शोधतो ना, तसं तोंड झालं होतं तिचं." त्याला तोंडातलं काय कळतं? माझं तोंड बघून त्याला इतक्या वर्षांत माझं डोकं दुखतंय हे कळलेलं नाही.

काल श्रेयसच्या आईनं, गंधालीनं, मला ती बाग दाखवायला नेलं. बँकेत अधिकारी आहे, पण मनानं मोकळी. लिफ्टमध्ये मला म्हणाली, "तुमचं शेत नक्की कुठे होतं हो?" मी कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. मेट्रोचे खांब, गाड्यांची रांग, काही ओळखू येईना. मग आपल्या गावदेवीमागचा पिंपळ सापडला. तो सापडल्यावर सगळं आपोआप जागेवर आलं. जिथे आपण राब करून आवण उगवायचो, तिथे आता पोहायचा हौद आहे. "म्हणजे इथे आधीही पाणीच होतं," गंधाली म्हणाली. मला हसू आलं. आपण ढोपरभर चिखलात भिजायचो आणि बाहेर पडायला तळमळायचो. आता त्याच जागी लोक हौसेनं भिजायला येतात आणि वर टोपीसुद्धा घालतात.

तिथे एक मुलगी भेटली, कानात बटण घातलेली. लग्नाचं सगळं ती बघणार. तिनं हातातल्या पाटीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजी, ट्रॅडिशनल साँगला पंधरा मिनिटं ठेवलीत. मग फोटो, मग लंच." मी म्हटलं, "माझ्या वेगानं दहात होईल, उरलेली तू घे." ती खूश झाली. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

कोपरे लावून झाले असतील तर उत्तर लिही.

वहिनी


मुलुंड गावठाण, १८ नोव्हेंबर

द्रौपदे,

गोण मिळाली.

गुणाजी टेम्पो घेऊन आला, गोण दारात ठेवली आणि म्हणाला, "मामी, आईनं दिलंय. समीक्षाच्या उखळात घाला." आणखी काही म्हणाली का? नाही. चिठ्ठी? नाही. पण गोणीचं तोंड उलट्या टाक्यानं शिवलं होतं. तशी शिवण जगात एकच बाई घालते.

उघडली आणि मी दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. कोरडं, कुसळं टोचणारं, तुमच्या शेतातलं नवं भात! गावठाणातल्या पोरासोरांनी येऊन हात घालून पाहिले. एका पोरानं विचारलं, "आजी, तांदळाला सालं असतात?" हसू नकोस. आपण तरी काय केलंय इतकी वर्षं? हळद आली की दुकानातून पॉलिश केलेला तांदूळ आणायचा, उखळात घालायचा आणि त्याच्यावर मुसळ मारायचं. सडलेला तांदूळ पुन्हा सडायचा! आपण बायका घाम पुसत नाटक करायचो आणि शेवटी पीठ निघायचं. यंदा खरा कोंडा उडणार आहे.

उखळ कालच चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. त्या टॉवरच्या रखवालदारानं विचारलं, हे सामान आहे की फर्निचर. तुझा भाऊ म्हणाला, "पाहुणा आहे." तेव्हा कुठे लिफ्टमध्ये घेतलं.

मी रोज गाते. रोज पळते. समीक्षा म्हणते, "चिल ना आजी, फास्ट पण छान वाटतं, माझ्या मैत्रिणी नाचतील." पोरगी मला बरं वाटावं म्हणून म्हणते. तिनं मागितला होता पणजीचा धवला, आणि मी तिला देणार बिस्किटांचा.

भात तर आलं. तू?

वहिनी


मुलुंड गावठाण, २६ नोव्हेंबर

द्रौपदे,

हळद तीन तारखेला, सकाळी. फाटकावर माझं नाव सांग, सोडतील.

तू आली नाहीस तरी मी गाणार आहे. जमेल तसं. पण मला ते तसं नकोय गं. ये ना.

पुतळा


मुलुंड गावठाण, ९ डिसेंबर

द्रौपदे,

तू म्हणशील, मी तिथेच होते, मला काय सांगतेस? पण तुला तुझं तोंड दिसत नव्हतं. मला दिसत होतं. म्हणून सांगते.

सकाळी मांडवात सगळे जमले. उखळात तुझं भात घातलं. कारखान्यातल्या आपल्या राहिलेल्या चारदोन जणी नऊवारी नेसून मुसळाशी उभ्या. गंधाली आणि तिच्या नणंदा खुर्च्यांवर. कानात बटणवाली बोट वर करून मला खूण करते आहे, सुरू करा, सुरू करा. मी दोनदा फाटकाकडे पाहिलं. मग फाटक चार मजले खाली आहे हे आठवलं आणि लिफ्टकडे पाहिलं. समीक्षा पिवळ्या साडीत पाटावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे होऊ दे, आजी. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. आणि पट्टा सुटला.

दुसऱ्या ओळीला कुणीतरी माझं उजवं मनगट धरलं. घट्ट. ओला, खरबरीत हात. डोळे न उघडता मला कळलं.

"हल्लू गो वयनी," तू म्हणालीस. "यो काय पट्टा हाय?"

माझा हात तुझ्या हातात अडकला आणि माझे शब्द गेले. मी तोंड उघडून उभी. सगळा मांडव बघतोय. मी तुझ्या कानात म्हटलं, "शब्द गेले. तू म्हण पुढचं." तुझे डोळे भरून आले आणि तू माझ्या कानाशी आलीस. "मना नाय येत गो. कवाच इसरले. चाल हाय, शब्द नाय."

द्रौपदे! म्हणून पत्रांना उत्तर देत नव्हतीस? म्हणून गवत कापायला पळालीस? इतके महिने मी तुझ्या रागाला शिव्या घालत होते आणि तू कोपऱ्यात वाकून शब्द शोधत होतीस! पट्ट्यावर गायचं नाही म्हणून तोंड मिटलंस, नंतर गायला जागा राहिली नाही, आणि शब्द निघून गेले. तुझा भाऊ म्हणाला होता, चष्मा शोधतेय तसं तोंड. पुन्हा त्याला मी काही बोलणार नाही. निदान या महिन्यात.

मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. मला हसू आलं. तुलाही आलं. त्या मांडवातल्या लोकांना वाटलं असेल, दोन म्हाताऱ्या विधीतच काहीतरी चावट बोलल्या. मग तू माझा उजवा हात सोडलास आणि डावा धरलास. म्हणालीस, "तू शब्द सांग, मी वढते."

मी उजव्या हातानं हवेत बिस्किटं उचलत तुझ्या कानात भराभर ओळ सांगायची, आणि तू ती उचलून सावकाश, लांबवर, बांधाच्या पार टोकापर्यंत न्यायचीस. मी अख्खी ओळ संपवून उभी आणि तू अजून 'मांडव'मधल्या 'मां'वर! मला वाटलं, ही बाई आता संध्याकाळ करणार. पण मग मला ऐकू आलं. तीच चाल. आई ओट्यावर बसून गायची, मी नवी नवरी म्हणून आत चुलीशी ऐकायची, तीच. मी जपलेले शब्द आणि तू जपलेली चाल, दोन्ही मिळून आईचा धवला झाला. तू पट्ट्यावर गायली नाहीस म्हणून चाल राहिली. आणि मी गायले म्हणून शब्द राहिले, हे आता तरी कबूल कर. त्यांना दुसरं घर नव्हतं गं. शेत गेलं होतं, ओटा गेला होता. पट्ट्यावर का होईना, रोज पाळीला ते माझ्या तोंडात होते.

पंधरा मिनिटांचं काय झालं ते तू पाहिलंसच. बटणवाली आधी घड्याळ दाखवत होती, मग तिनं हात जोडले, मग खाली बसली आणि शेवटी आपल्या बायकांबरोबर 'गो' म्हणायला लागली. गंधालीनं मुसळ हातात घेतलं. बँकेतली बाई, पहिला घाव उखळाच्या काठावर! पण सोडलं नाही तिनं. कोंडा उडून तिच्या रेशमी साडीवर बसला तर झटकला नाही. जेवण गार झालं आणि तुझा भाऊ एकदाही जेवणाबद्दल बोलला नाही. यावरून समज काय गायलीस ती.

आणि शेवटी काय केलंस! गोडाच्या टेबलावर नाना तऱ्हेची थरांची, फुग्यांची पक्वान्नं मांडलेली. त्या वाढणाऱ्याला तू विचारलंस, "चहा हाय? नि बिस्किट?" तो बिचारा पळत खाली दुकानात गेला. आपण दोघी पोहायच्या हौदाशी, आपल्या आवणाच्या जागी, चहात बिस्किट बुडवत बसलो. तुझं अर्धं बिस्किट चहात पडलं. कारखान्यात डबे धुणारीला बुडवायचं किती ते कसं कळणार?

पोरीची खबर: आनंदात आहे. पवईच्या ऑफिसात परत जायला लागली. मोबाइलमध्ये दोन धवले ठेवलेत म्हणे, एक खुर्चीतला माझा, एक मांडवातला आपला. काम करताना गुणगुणते. मी विचारलं, "कुठल्या वेगानं गं?" तर म्हणाली, "मीटिंग चालू असली की द्रौपदीआजीचा, डेडलाइन असली की तुझा." म्हणजे तिलाही एक पट्टा आहेच. पण दोन्ही येतात तिला. माझ्यानंतर कुणी गाणार नाही असं मी तुला लिहिलं होतं, ते खोड.

निघताना तू म्हणाली होतीस, "शब्द लिवून धार." धाडते आहे. सोबतच्या कागदावर मांडवाचा धवला पूर्ण लिहिलाय. लिहायला बसल्यावर मात्र गंमत झाली. उजवा हात पेनात अडकलेला, त्याला बिस्किटं उचलता येईनात. एकेक शब्द लिहायचा, तेवढा तो ओढायचा, मग पुढचा. अर्ध्यावर आल्यावर कळलं, मी सावकाश गात होते. पहिल्यांदा! तुझा भाऊ दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "द्रौपदी आली काय?"

तेव्हा तुझी गरज आता संपली, हे पहिल्या पत्रात लिहिलं होतं तसंच पुन्हा लिहिते. तरीही जुलैत मी पेणला येणार आहे. गुणाजीला बजावून ठेव, यंत्र कितीही शहाणं झालं तरी खाचराचे कोपरे सोडायचे. दोन तुझे, दोन माझे. गाणं तुझ्या चालीनं म्हणू. पण आवणाची मूठ मी माझ्याच वेगानं लावणार, आणि माझे दोन कोपरे संपले की बांधावर बसून तुझी वाट बघणार, चहा आणि बिस्किटं घेऊन.

तुझी वहिनी,
पट्ट्यावरची गवईण